मिरगी आणि जिवाचा घोर

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही मिरगीवर बोलणार आहोत. वर्धापन दिनाला हा कसला विषय, असं कुणाला वाटेल. पण आपल्या वस्तीत फीट येणारी माणसं आहेत, आणि आम्ही त्यांतलेच एक आहोत. गिरणीत साच्यावर उभं राहून तीस वर्षं काढली, गोळीही तेवढीच वर्षं घेतली. शिक्षण बेताचं, पण या रोगाबद्दल मिळेल ते वाचत आलो.

डॉक्टर याला अपस्मार म्हणतात. कुणी फेपरं म्हणतं, कुणी आकडी. मेंदूतल्या विजेचं काम घटकाभर बिघडतं, त्याची ही फीट. करणी नाही, अंगात येणं नाही, लागट तर मुळीच नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. नीट औषधपाणी झालं तर १०० पैकी ७० जण फीटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग घोर कशाचा? फीट दोन मिनिटांची, घोर चोवीस तासांचा. बाजारात पडलो तर? कामावर समजलं तर? पोरीचं कसं होईल? आमचं मत असं की या घोराचा मोठा वाटा रोगाचा नाही, लपवण्याचा आहे. सासरी गेलेली पोरगी गोळ्या कुठं ठेवणार? पिठाच्या डब्यात. सासू समोर असली की गोळी चुकते, गोळी चुकली की फीट येते. जे झाकायचं तेच चारचौघांत उघडं पडतं.

वडीलधारे म्हणतात, "सांगू नोको बाप्पा, लगन झालं का सारं बरं होते." लग्नानं मिरगी बरी होत नाही, हे या विहारात आम्ही मोठ्यानं सांगतो. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो बौद्धांनाही लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९७६ च्या दुरुस्तीनं त्यात अशी अट आली की वारंवार मिरगी येणारा माणूस लग्नाला अपात्र. १९९९ साली संसदेनं तो मिरगीचा शब्द काढून टाकला. म्हणजे कायद्यानं कलंक पुसला, आपण अजून धरून बसलो. मात्र लपवून लग्न केलं तर फसवणुकीचा दावा कुणी लावू शकतो. सांगून केलेलं बरं. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी २००४ पासून ‘संवेदना’ हा मिरगीवाल्यांचा गट चालवला. तिथं अशा मुलामुलींची लग्नंसुद्धा जुळवली. आणि बाळाचा विचार असलेल्या भगिनींनो, काही गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात. आधी डॉक्टरला विचारा, पण मनानं गोळी बंद करू नका.

झोप मोडली, उपास घडला, ताप आला, जीव तळमळला, तरी फीट येऊ शकते. आम्हाला रातपाळी सोसत नव्हती. जॉबरला सरळ सांगितलं, त्यानं पाळी बदलून दिली. सगळीकडं असा जॉबर भेटेलच असं नाही, हेही खरं. जयंतीच्या आदल्या रात्री जागरण, दुसऱ्या दिवशी वऱ्हाडातल्या उन्हात मिरवणूक. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना अकोला-बडनेऱ्याहून गाडीत पाय ठेवायला जागा नसते. जावं, जरूर जावं. पण गोळ्या खिशात, भाकर सोबत, आणि बाजूच्या माणसाला आधी सांगून ठेवलेलं. दारू पंचशीलात वर्ज्यच आहे, मिरगीवाल्याची तर ती दुहेरी वैरी: झोपही बिघडवते, गोळीही चुकवते. श्वासावर ध्यान धरल्यानं आमचा जीव हलका होतो, आम्ही रोज बसतो. पण ध्यान गोळीच्या जागी चालत नाही.

गरिबाचा वेगळाच घोर. अकोल्याचं सर्वोपचार किंवा अमरावतीचं इर्विन गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून लोक गोळ्या संपल्यावर जातात. संपायच्या आठ दिवस आधी जा.

कुणाला फीट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचं टोकदार सामान, चूल, विहिरीची कड यांपासून दूर करा. डोक्याखाली दुपट्टा द्या, कुशीवर वळवा, घड्याळ पहा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर लगेच १०८ ची गाडी बोलवा. आणि गर्दी पांगवा. शुद्धीवर येताना भोवती पन्नास तोंडं दिसली की माणूस मेल्याहून मेला होतो.

भोजनदान झाल्यावर आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत थांबणार आहोत. ज्यांच्या घरी कुणाला फीट येते त्यांनी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन यावं. समोरच्या दारानं यायला संकोच वाटला तर मागचं दारही उघडं ठेवलं आहे.