उघड्या वहीतले कर्ज



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी संस्थेने मला बोलावले, हा मी माझा बहुमान समजतो. गुरुजी आम्हाला गणित शिकवीत. उत्तर बरोबर आले, पण मधल्या पायऱ्या दाखविल्या नाहीत, तर ते निम्मेच गुण देत. आम्ही कुरकुर करीत असू. पुढे सहकारी बँकांची दप्तरे तपासण्यात माझी उमर गेली, तेव्हा त्या निम्म्या गुणांचा अर्थ मला कळू लागला.

आजचा विषय बँकेशिवाय चालणाऱ्या कर्जव्यवहाराचा आहे. संगणकाच्या जाळ्यावर, कोणत्याही शाखेवाचून आणि व्यवस्थापकावाचून चालणारी ही व्यवस्था 'विकेंद्रित वित्त' या नावाने ओळखली जाते. तिचा पारदर्शीपणा आणि तिची सुरक्षितता कशी पारखावी, हा प्रश्न आहे. निवृत्त तपासनीसाने या नव्या भानगडीत का पडावे, असे काहींना वाटेल. पण माझे घर कतारगामात आहे, आणि कतारगामात राहणाऱ्याला हा विषय परका उरलेला नाही.

आमच्या भागात हिऱ्यांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. लाखो रुपयांचा माल कागदाच्या पुडीत घालून जांगडावर दिला जातो. विक्री झालेली नसते, पैसे आलेले नसतात. असते ती एक चिठ्ठी. मात्र त्या चिठ्ठीमागे माणूस असतो. त्याचे गाव कोणते, त्याचे काका-मामा कुठे बसतात, हे देणाऱ्याला ठाऊक असते. विश्वासावर चालणारा असा बाजार मी दुसरीकडे पाहिला नाही, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांशी माझे जमत नाही. परंतु २०१७ साली नव्या नाण्यांच्या योजना ज्या वाटेने आल्या, ती वाटही हीच होती. मेहुण्याने सांगितले, कारखान्यातल्या सोबत्याने सांगितले, आणि लोकांनी पैसे दिले.

बिटकनेक्टचे प्रकरण आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्याच्या मुख्य योजनेचे नावच 'लेंडिंग', म्हणजे कर्ज देणे, असे होते. गुंतवणूकदाराने आपले बिटकॉइन देऊन त्यांचे नाणे घ्यावयाचे आणि ते त्यांनाच उसने द्यावयाचे. त्यांचा संगणक बाजारातील चढउतारावर व्यापार करील आणि महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परतावा मिळेल, असे सांगितले जाई. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या नियंत्रकांनी मनाईहुकूम काढला. त्याच महिन्यात योजना बंद झाली आणि नाण्याचा भाव कोसळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने संस्थापक म्हणून सतीश कुंभाणी यांच्यावर सुमारे २४० कोटी डॉलरच्या फसवणुकीचे आरोपपत्र ठेवले. आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे, हे येथे नोंदविले पाहिजे. परंतु अमेरिकेतील प्रमुख प्रचारक ग्लेन आर्कारो याने २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला ३८ महिन्यांची शिक्षा झाली. नव्यांच्या पैशातून जुन्यांची देणी भागविली जात होती, हे तेथे पुढे आले. सुरतेत नोंदलेल्या गुन्ह्यांवरून तपास करणाऱ्या अंमलबजावणी संचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे १,६४६ कोटी रुपयांची आभासी नाणी जप्त केली.

आता माझी गोष्ट. त्या वर्षी माझ्या शेजाऱ्याने मला एक वही आणून दाखविली. तो हिऱ्याच्या कारखान्यात मॅनेजर होता. योजना दुसरी होती, तिचे नाव येथे घेत नाही. वहीत रोजचे व्याज सुबक अक्षरात मांडलेले. "साहेब, तुम्ही बँकेत होता. हिशेब बरोबर आहे ना?" मी बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती, आणि मी तसे सांगितले. व्याज येते कोठून, हे मी विचारले नाही. लग्नघर होते, त्याच्या मुलीचे, आणि मला अपशकुन करावयाचा नव्हता. तीस वर्षे मी दुसऱ्यांना जी पायरी गाळू दिली नाही, ती त्या दिवशी मी स्वतः गाळली.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, बिटकनेक्ट आणि खरी विकेंद्रित कर्जप्रणाली यांत केवळ शब्दांचे साम्य आहे. तेथे व्यापार करणारा संगणक कोणी पाहिलेला नव्हता. मेकर, कंपाउंड किंवा आवे यांसारख्या प्रणालींत नियम संगणकाच्या भाषेत लिहून सर्वांसमोर ठेवलेले असतात, आणि प्रत्येक ठेव, प्रत्येक कर्ज जाहीर खतावणीत चढते. कर्ज मिळते ते तारणावर, आणि तारण कर्जाहून जास्त लागते. मेकरच्या आरंभीच्या प्रणालीत १०० डॉलरच्या कर्जामागे निदान १५० डॉलरचे इथर गहाण ठेवावे लागे. भाव उतरून ती पातळी मोडली की तारणाचा आपोआप लिलाव. व्याज कर्जदार देतो आणि ते ठेवीदाराकडे जाते. कोठून आले हे दाखविता येते. सोनाराकडील गहाणवट जाणणाऱ्याला यात अवघड काही नाही.

या पारदर्शीपणाची किंमत मी कमी लेखीत नाही. २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण उघडकीस आले. एकाच उद्योगसमूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविल्याचा आरोप त्यात झाला. लेखापरीक्षण झाले होते, अहवालांवर सह्या होत्या. बाहेरच्या कोणालाही दिसेल अशा खतावणीत हे लपविणे फार कठीण गेले असते. माझ्या व्यवसायातील मंडळींना हे ऐकणे आवडत नाही. मलाही आवडले नव्हते.

पण वही उघडी असली म्हणजे तिजोरी सुरक्षित असते काय? १२ मार्च २०२० रोजी इथरचा भाव एका दिवसात कोसळला. जाळ्यावर इतकी गर्दी झाली की मेकरच्या लिलावांत बोली लावणाऱ्यांचे संगणक मागे पडले, आणि काही लिलाव चक्क शून्य बोलीवर सुटले. सुमारे ८० लाख डॉलरचे तारण फुकट गेले. लपूनछपून काहीच झाले नाही. सारे सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले. येथे दोष तारण ठेवण्याच्या कल्पनेत नव्हता. गर्दीच्या दिवशी लिलाव कसा चालेल, याचा विचार अपुरा पडला होता.

यूलरचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. या प्रणालीची तपासणी एकाहून अधिक जाणकार संस्थांनी केली होती. पुढे तिच्यात एक लहानशी सोय जोडली गेली: कोणालाही आपली ठेव प्रणालीच्या राखीव निधीला दान करता यावी. दान करणाऱ्याकडे नंतर कर्जापुरते तारण उरते की नाही, हे पाहण्याची ओळ मात्र लिहावयाची राहिली. १३ मार्च २०२३ रोजी एकाने क्षणकालिक कर्ज उचलले, म्हणजे एकाच व्यवहारात घेऊन फेडावयाचे विनातारण कर्ज. मग दानाच्या वाटेने आपलेच एक खाते बुडीत केले आणि दुसऱ्या खात्याने त्याचे तारण सवलतीत पदरात पाडून घेतले. सुमारे १९ कोटी ७० लाख डॉलर गेले. पुढे चोराने बहुतेक रक्कम परत केली, हा नशिबाचा भाग. ती ओळ नसलेले पान अनेक महिने जगासमोर उघडे होते.

म्हणून तपासनीस या नात्याने मी आता प्रथम विचारतो, की किल्ली कोणाकडे आहे? नियम बदलण्याचा अधिकार दोन-चार जणांच्या हाती असेल, तर 'विकेंद्रित' हा शब्द शोभेचा आहे. उलट कोणालाच तो चटकन वापरता येत नसेल, तर काय होते? कंपाउंडमध्ये सप्टेंबर २०२१ अखेर एका दुरुस्तीत चूक राहिली आणि सुमारे ८ कोटी डॉलरची बक्षीस-नाणी भलत्यांच्या हाती जाण्याजोगी झाली. चूक लगेच कळली. पण बदलासाठी मतदान आणि ठरलेली प्रतीक्षा आवश्यक असल्याने दुरुस्तीला जवळजवळ आठवडा लागणार होता. मालकाच्या मनमानीपासून वाचविणारे कुलूप त्या आठवड्यात दुरुस्ती करणाऱ्यालाही बाहेर ठेवून बसले. दोन्हीकडून सुरक्षित असे कुलूप मला अजून आढळलेले नाही.

मग मी भाव कोठून येतो ते पाहतो. तारणाची किंमत बाहेरच्या बाजारातून कळते. तो बाजार उथळ असला तर थोड्या पैशांत भाव फुगवून, फुगलेल्या तारणावर खरे पैसे उचलता येतात. तपासणीचा अहवाल कोणत्या तारखेचा आणि त्यानंतर काय बदलले, हेही पाहावे लागते. यूलरमध्ये घात झाला तो नंतरच्या भरीतूनच. आणि बुडाले तर भरून कोण देणार? आपल्या बँकांतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. येथे तसे नाही. २०२२ पासून सरकार या नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर घेते, त्याला काहीजण मान्यतेचा शिक्का समजतात. कर हा हमीचा कागद नव्हे.

राहिला वाचण्याचा प्रश्न. जाहीर लिहिलेला नियम वाचता येणारे किती? माझा नातू संगणकशास्त्र शिकतो. त्याला शेजारी बसवून मी असे एक पान वाचविले. दोन तासांत आम्ही चाळीस ओळींपर्यंत पोचलो. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ती वही उघडी नसतेच. तो पुन्हा कोणाच्या तरी शब्दावर विसंबतो, जसा माझा शेजारी माझ्या शब्दावर विसंबला.

तो शेजारी आजही भेटतो. मुलीचे लग्न त्याने कर्ज काढून पार पाडले आणि ते फेडले. जप्तीची बातमी आली त्या सकाळी तो वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, यातले आपल्याला काही मिळेल?" मी त्याला बसविले आणि सांगितले की ही जप्ती दुसऱ्या योजनेची आहे, तुमची योजना यात नाही. त्याने घडी घालून वर्तमानपत्र पिशवीत ठेवले. मग जुनी वही काढली आणि म्हणाला, ते व्याज कोठून येत असावे, ते आता तरी मला समजावून सांगा. आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केली आहे.