रानातल्या कामाचे मोल



दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात एका खासगी अभयारण्यात मी महिनाभर स्वयंसेवक होते. सिंह दिसला का, हे सगळ्याजणी विचारतात. दिसला. पण आज बोलायचे आहे ते कामाबद्दल.

तिथे स्वयंसेवक पैसे भरून काम करतात. पहाटे जीपमधून फिरून जनावरांची नोंद करायची, पावसाने खचलेल्या वाटांवर दगड भरायचे, तारेचे फास शोधून काढायचे. शिकारी फास लावतो हरणासाठी. पण त्यात रानकुत्रा, तरस, कुणीही अडकते आणि तडफडून मरते.

आम्ही दमून परत यायचो तेव्हा स्वयंपाक तयार असे, खोल्या झाडलेल्या असत. हे करणाऱ्या बायका जवळच्या वस्तीतल्या. माहितीपत्रकात आमच्यासारख्यांचे फोटो होते, त्यांचा एकही नव्हता. घरकाम दिसत नाही, हे आपल्याला नवे नाही.

याच प्रांतात, क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून बालुले अभयारण्य आहे. २०१३ साली देशात १,००४ गेंडे शिंगासाठी मारले गेले. त्याच वर्षी बालुलेत ‘ब्लॅक माम्बा’ हे पथक उभे राहिले. त्यात बहुतेक जणी आसपासच्या गावांतल्या तरुण स्त्रिया. त्यांच्या हाती बंदूक नसते. कुंपणाच्या कडेने रोज मैलोन्‌मैल चालायचे, माग काढायचा, फास काढायचे, संशय आला की सशस्त्र पथकाला कळवायचे. गावातल्या शाळांत जाऊन त्या मुलांनाही रानाबद्दल शिकवतात. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार दिला.

मी फास काढला की ती सेवा, त्यागही म्हणतात. तिने काढला की ती नुसती नोकरी. पण मी महिन्याने विमानात बसते. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंपणावर असते. तिच्या पगारावर घर चालते, म्हणून गावात तिचा शब्द ऐकला जातो, आणि जिवंत गेंडा गावाच्याही फायद्याचा ठरतो.

तुमच्यापैकी कुणाच्या लेकीसुनांना असे जायचे असेल तर जरूर जावे. मात्र सिंहाचे बछडे बाटलीने पाजायला देतात, तिथे जाऊ नये. आईपासून तोडलेली अशी पिल्ले मोठी झाल्यावर बंदिस्त आवारात शिकारीसाठी विकल्याचे प्रकार घडले आहेत. आणि पैसे भरण्याआधी विचारावे: गावातल्या किती बायका इथे पगारावर आहेत? कोणत्या कामावर? बाळंतपणाची रजा मिळते का?

उत्तर टाळले, तर दुसरी जागा शोधावी.