चेहऱ्यामागची तेरा वर्षे
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



आपल्या बऱ्हाणपुरात फोटोग्राफर म्हटला की लग्नाचा मोसम डोळ्यासमोर येतो. घरातला मुलगा ‘मला फोटोग्राफीच करायची आहे’ म्हणाला, की आईवडील आधी विचारतात, ‘आणि पोटापाण्याचे काय?’ हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे चांगले उत्तर मला गौतम राजाध्यक्ष यांच्या कारकिर्दीत सापडते.

त्यांचा जन्म १६ सप्टेंबर १९५० रोजी मुंबईत झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी तिथेच दोन वर्षे शिकवले. १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरात कंपनीच्या छायाचित्र विभागात लागले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले. जाहिरातीच्या कामात ग्राहकाचे समाधान, वेळ आणि खर्च तिन्ही सांभाळावे लागतात. ‘आज सुचत नाही’ ही सबब तिथे चालत नाही.

१९८० च्या सुमारास नोकरी सांभाळूनच ते शबाना आझमी, टीना मुनीम अशा कलावंतांचे फोटो काढू लागले. नाव होऊ लागले, तरी त्यांनी नोकरीवर पाणी सोडण्याची घाई केली नाही. ती सोडली १९८७ मध्ये, तेरा वर्षांनी!

व्यक्तिचित्रात प्रकाशयोजना महत्त्वाची असतेच. बाजूचा कडक प्रकाश सुरकुत्या उठवतो, समोरचा मऊ प्रकाश त्या झाकतो. पण अवघडलेला चेहरा दिव्याने मोकळा होत नाही. त्यासाठी समोरच्या माणसाशी बोलावे लागते, त्याच्या कामाची जाण असावी लागते. गौतमजींचा व्यासंग इथे उपयोगी पडला. ते संगीताचे जाणकार होते, ‘चंदेरी’चे संपादक होते, ‘बेखुदी’ या चित्रपटाचे त्यांनी लेखन केले. दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे त्यांच्या ‘फेसेस’ (१९९७) या पुस्तकात आहेत. पुढे मराठीत ‘चेहरे’ही आले.

१३ सप्टेंबर २०११ रोजी ते गेले. गणपती विसर्जनाला दोनच दिवस झाले होते आणि एकसष्टी तीन दिवसांवर होती.

तेव्हा पालकहो, मुलाला पोटापाण्याचे जरूर विचारा. पण त्याबरोबर ‘किती वर्षे शिकायची तयारी आहे?’ हेही विचारा. उत्तर मनापासून आले, तर चौसष्ट कलांच्या या अधिपतीसमोर त्याला नारळ ठेवू द्या आणि पाठीवर हात ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!