‘शीळ’ : एका तबकडीची कथा



व्याख्यानमालेत थोरांची चरित्रे सांगण्याची प्रथा आहे. आज आम्ही एका गाण्याचे चरित्र सांगणार आहोत. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. ती आपल्या कानी कोणत्या वाटेने आली, एवढाच आजचा विषय.

कवी आणि गायक दोघेही १९०९ सालचे, दोघेही बुलढाणा जिल्ह्याचे. देशपांडे मेहकरचे, तर गायक गो. ना. जोशी खामगावचे. दोघांनीही अभ्यास केला कायद्याचा, पण ओढ वेगळीच! जोशींनी या कवितेला स्वतः चाल लावली, ती गाऊन लोकप्रिय केली आणि १९३२ साली ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीने तिची तबकडी काढली. मराठी भावगीताचा आरंभ या तबकडीपासून मानतात.

आपल्या देशात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, कलकत्त्यास. त्या काळी गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. अशा कर्ण्यात नाटकातले पद निभावे. हळुवार कवितेचा तेथे निभाव कसा लागावा? १९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि हलका आवाजही तबकडीवर उतरू लागला. भावगीत जन्मले ते कवीच्या प्रतिभेतून खरेच. पण या यंत्राने त्याला बोलण्याची सोय करून दिली, असे आम्हांस वाटते. वेळेचे बंधन मात्र कडक होते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती तबकडी. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे. ख्यालाला तेवढ्यात श्वास घेणेही कठीण. कवितेला मात्र ते माप नेमके बसले.

आता खरी गंमत ऐका. देशपांड्यांचा ‘शीळ’ हा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला १९५४ साली. म्हणजे तबकडीनंतर तब्बल २२ वर्षांनी! संग्रह हाती येण्याआधीच कविता कानांनी घरोघर पोचली होती. पण कानाला एक खोड आहे. त्याला गळा आठवतो, लेखणी आठवत नाही. जोशी १९३८ साली त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाच्या कामावर गेले. जगभर गाजलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका त्यांच्याच देखरेखीखाली झाली. देशपांडे मेहकरलाच राहिले. ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८६ साली, त्यांच्या वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास.

श्रोतेहो, आपल्या कामोठ्यात विदर्भातून, देशावरून, कोकणातून आलेली कुटुंबे आहेत. येताना ट्रंका आल्या, भांडी आली. कुणाच्या गावाकडच्या माळ्यावर जुन्या तबकड्या अजून असतील. त्या लाखेच्या असतात, हातातून पडल्या की तुकडे होतात. भंगारवाल्यास देण्यापूर्वी त्यांवरची नावे तरी उतरून घ्या. आणि आज मोबाइलवर गाणे लावताना मुलांना एक प्रश्न विचारा : हे लिहिले कोणी? उत्तर आले नाही, तर ते शोधण्यात अर्धा तास घालवा. तीन मिनिटांच्या गाण्याचे तेवढे देणे आपण लागतो.