लग्नाचा प्रश्न आणि मताचा प्रश्न
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)

दरवर्षी जूनमध्ये आमच्याकडे पालक येतात. "पोरगी मानववंशशास्त्र घेते म्हणते, जोडीला राज्यशास्त्र. नोकरी कुठली लागणार?" प्रश्न रास्त आहे आणि नोकरीची हमी आम्हाला देता येत नाही. पण या दोन विषयांच्या जोडीतून काय हाती येते, ते सांगतो.

१९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११. मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे अवघे ३! घटनेच्या शिल्पकाराचे बरं का.

९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय २५. रिस्ले, सेनार, आपले ज्ञानकोशकार केतकर यांनी जातीवर आधीच लिहिले होते. बाबासाहेबांनी नस पकडली ती लग्नाची. जातीतच लग्न करायचे, तर बायका-पुरुषांची संख्या जुळली पाहिजे. नवरा मेला की बाई जास्तीची ठरते, म्हणून सती नाहीतर सक्तीचे वैधव्य. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र कोवळी पोर. आयाबायांनो, जात राखण्याचा भार कुणाच्या अंगावर पडला ते बघा.

तीनच वर्षांनी, १९१९ साली, ते साउथबरो समितीपुढे मताधिकारावर साक्ष द्यायला उभे राहिले. जिथे माणसे एकमेकांत मिसळतच नाहीत, तिथे स्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यांचे दुःख कसा मांडणार? म्हणून आपले वेगळे प्रतिनिधी हवेत, मताची अट सैल हवी, ही त्यांची मागणी. वर्गातला लग्नाचा प्रश्न इथे मताचा प्रश्न झाला.

हे शास्त्र काही सोवळे नव्हे. रिस्लेसाहेबाने नाके मोजून जातींची उतरंड लावली होती. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात घुर्यांनी दिलेली नाकाचीच मापे घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, असे दाखवले. आपली मुले तिथे नसली, तर मोजपट्टी पुन्हा दुसऱ्याच्याच हातात राहील.

शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात हा निबंध अगदी सुरुवातीलाच आहे. इंग्रजी आहे, पण लहान आहे. रविवारी वंदनेनंतर ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे, दोन-दोन पाने मिळून वाचू. फॉर्म भरायचे राहिलेल्यांनी गुणपत्रिका घेऊन यावे.

जयभीम!