उभ्या ट्रॅक्टरचं रबर

कुकरची रिंग जुनी झाली की शिट्टी होत नाही, कडेनं वाफ जाते. बोटानं दाबली की कळतं, रबर कडक पडलंय. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टरलाही अशाच रिंगा, नळ्या, पट्टे असतात. ते मात्र आपण कधी दाबून बघत नाही. आम्हीही बघितले नव्हते.

आमच्या गटाच्या अवजार बँकेचा ट्रॅक्टर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. उन्हाळी नांगरट आटोपल्यावर तो उघड्यावर उभा राहिला. आपल्या जालन्याचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये चांगला पाऊस झाला, वाफसा आला, सोयाबीनच्या पेरणीसाठी घरोघरचे नंबर लागले. दुसऱ्याच शेतात रेडिएटरचा खालचा पाइप फुटला. ड्रायव्हरदादांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि काम रेटलं. पाणी गळत राहिलं, इंजिन तापलं, हेडचं पॅकिंग गेलं. चार दिवस ट्रॅक्टर मिस्त्रीकडे. तोवर जमिनीची ओल उडाली. दोघींनी जास्त भाड्यानं बाहेरचा ट्रॅक्टर आणला, एकीला पुढच्या पावसाची वाट बघावी लागली. गटाच्या बैठकीत आम्हाला बोलणी खावी लागली, आणि ती रास्त होती. तो पाइप आधी नुसता वाकवून बघितला असता तरी चिरा दिसल्या असत्या.

मिस्त्रींनी तेव्हा एक गोष्ट सांगितली. रबर वापरून जेवढं खराब होतं, तेवढंच उभं राहूनही होतं. रबर म्हणजे मूळचा झाडाचा चीक. आपल्या देशात तो मुख्यतः केरळातून येतो. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ साली सापडलं, की त्यात गंधक घालून तापवलं तर रबर टिकाऊ होतं. टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. ऊन आणि उष्णता त्याला कडक करतात. हवेत ओझोन नावाचा वायू थोडा असतो, तो रबराला जिथं ताण असतो तिथं चिरा पाडतो. म्हणून नळीला भेग आधी वाकलेल्या जागी दिसते, टायरला बाजूच्या फुगवट्यावर.

टायर बनवताना त्यात मेणासारखा पदार्थ घालतात. चाक फिरत राहिलं की तो हळूहळू वर येतो आणि रबराला झाकतो. गाडी महिनोन् महिने एका जागी उभी राहिली की ही राखण कमी पडते. वर पुन्हा सगळं वजन टायरच्या एकाच भागावर. म्हणून आता आम्ही बिनकामाच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा ट्रॅक्टर थोडा पुढे-मागे करतो, हवा बरोबर ठेवतो आणि उन्हाकडच्या टायरांवर जुनं गोणपाट टाकतो. शेड झाली तर उत्तमच. लांब मुक्काम असेल तर मिस्त्रीच्या हातानं लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावा.

दसऱ्याला गाडी धुऊन टायर काळेभोर दिसावेत म्हणून कुणी डिझेल चोळतं, कुणी जळकं ऑईल. हे मुळीच करू नका. त्यानं रबर फुगतं, मऊ पडतं आणि वरचं ते मेणही निघून जातं. साबणाचं पाणी आणि फडकं पुरे. इंजिनखाली ऑईल गळत असेल तर तेही पट्ट्यावर आणि नळ्यांवर उडतं. आधी गळती बंद करा, मग नवीन रबर बसवा. नाहीतर नवाही तसाच जाईल.

दर महिन्याच्या बैठकीआधी आमच्यातल्या दोघी जणी तपासणी करतात. इंजिन थंड, चावी काढलेली. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. नळ्या दाबून बघायच्या. फार कडक लागली तर वाईट, लिबलिबीत लागली तरी वाईट. पंख्याचा पट्टा उलटा वळवून आतल्या बाजूला चिरा आहेत का बघायचं. डिझेलच्या नळीच्या टोकाशी ओल दिसली की लगेच बदलायची, तिथं आगीचा धोका असतो. एक जादा पाइप आणि एक पट्टा आम्ही घरात, अंधाऱ्या कपाटात आडवे ठेवतो. खिळ्याला टांगत नाही. वेल्डिंग चालतं त्या शेडमध्येही ठेवत नाही, कारण वेल्डिंगच्या ठिणगीनं ओझोन तयार होतो.

गटाच्या पिकअपचं वेगळं. ब्रेकच्या रबराला आपण हात लावायचा नाही, ग्रीस किंवा इंजिन ऑईल तर नाहीच. ती नळी फुगलेली किंवा चिरलेली दिसली की गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडे, भाडं बुडालं तरी. त्यात मागं बाया बसलेल्या असतात.

जुना टायर विकत घेणार असाल तर त्याच्या बाजूला चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वरची नक्षी शाबूत असली तरी जुना तो जुनाच.

ज्यांच्याकडे जुनी स्कूटी किंवा मोटारसायकल आहे त्यांच्यासाठीही एक गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच २०२५ मध्ये सांगितलं. सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा पेट्रोलची नळी दाखवून घ्या.

चालतंय तोवर कशाला खर्च, असं आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या होत्या. पेरणीत थांबलेलं शेत त्यांचंच होतं. आता ट्रॅक्टरच्या भाड्यातून दरमहा थोडी रक्कम रबरासाठी बाजूला पडते, आणि त्या वहीवर सही त्याच ताई करतात.