सायकलच्या शर्यती आणि त्यांचे धावते वर्णन

सायकलच्या शर्यतीसारखा विषय एका निवृत्त मास्तराने बोलावयास घ्यावा, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शाळामास्तर. सायकलशी माझा संबंध एवढाच की, निफाड तालुक्यातील शाळेत मी पुष्कळ वर्षे तिच्यावरून गेलो आणि तिच्यावरूनच परत आलो. शर्यतीचा नाद मला कधीच नव्हता. तो होता आमच्या थोरल्या बंधूंना. आम्ही त्यांना दादा म्हणतो. नाशिकरोडच्या छापखान्यात त्यांची नोकरी झाली. तरुणपणी ते एकदा मुंबई-पुणे शर्यतीत उतरले होते. त्या शर्यतीत बोरघाट सर्वांच्या आधी चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे आपणांस ठाऊक असेलच. दादांना कोणी त्या शर्यतीविषयी विचारले, की ते हसून सांगत, ‘राजा दुसराच झाला; आम्ही घाटाची प्रजा!’

या दादांची दृष्टी काचबिंदूने गेली. माणूस खचला नाही, पण जुलै महिना आला की बेचैन होऊ लागला. कारण जुलैत फ्रान्स देशातील ती जगप्रसिद्ध शर्यत, टूर द फ्रान्स, असते आणि दूरचित्रवाणीवर ती पाहण्याचा दादांचा वर्षांचा परिपाठ होता. आपल्याकडे आषाढाची झड लागलेली असावी, दिवेलागण झालेली असावी, आणि तिकडे लख्ख उन्हात शे-दीडशे सायकलस्वार सूर्यफुलांच्या शेतांमधून धावत असावेत, असा तो देखावा. दृष्टी गेल्यावर दादा म्हणाले, ‘दिसत नसले म्हणून काय झाले? वर्णन करणारे आहेतच की!’ मी त्यांच्याशेजारी बसू लागलो. धावते वर्णन म्हणजे काय, ते कसे असावे व कसे नसावे, याचे जे थोडेफार ज्ञान मला झाले ते त्या खोलीत झाले, आणि तेच आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

प्रथम त्या शर्यतीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९०३ साली एका फ्रेंच क्रीडापत्राने आपला खप वाढावा म्हणून ही शर्यत सुरू केली. ते पत्र पिवळ्या कागदावर छापले जाई. १९१९ पासून शर्यतीत अग्रभागी असलेल्या वीरास जो पिवळा अंगरखा मिळू लागला, त्याचा रंग तोच. शर्यत तीन आठवडे चालते. तिचे एकवीस टप्पे असतात आणि एकंदर अंतर सव्वातीन ते साडेतीन हजार किलोमीटर भरते. प्रत्येक टप्प्यास लागलेल्या वेळेची बेरीज करतात व ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. १९८९ साली तीन हजार दोनशेहून अधिक किलोमीटर धावल्यानंतर पहिल्या व दुसऱ्या स्वारात अंतर राहिले ते अवघे आठ सेकंदांचे!

आता या शर्यतीची मौज अशी आहे की, नुसत्या डोळ्यांनी ती कळत नाही. सायकलस्वाराचा खरा शत्रू वारा. दुसऱ्याच्या पाठीशी चिकटून गेल्यास सुमारे तिसरा हिस्सा श्रम वाचतात, म्हणून सारे स्वार घोळका करून चालतात. या घोळक्यातून चार-पाच जण फुटून पुढे निघतात. मागचे त्यांना धरतील काय, हा दिवसभराचा प्रश्न. त्यातच प्रत्येक संघात काही सेवेकरी असतात. आपल्या नायकाला पाण्याच्या बाटल्या आणून देणारे हे पाणकेच म्हणा ना! ते नायकापुढे राहून वारा अंगावर घेतात आणि संध्याकाळी निकालाच्या यादीत शंभराव्या जागी सापडतात. पाहणाऱ्यास वाटते, माणसे नुसती सायकली चालवीत आहेत. वास्तविक तेथे हिशेब चाललेला असतो, कपट चाललेले असते आणि पुष्कळ निःस्वार्थ सेवाही चाललेली असते. हे उलगडून सांगणे हेच वर्णनकाराचे काम.

ते काम नेहमी नीट होते काय? नाही, असे कष्टाने म्हणावे लागते. एका वाहिनीवरील इंग्रजी वर्णन आम्ही काही वर्षे ऐकले. बोलणारे दोघेही जाणते. एक तर स्वतः जुना स्वार. परंतु विमानातून एखादा किल्ला दिसला, की हाती दिलेले टिपण वाचावयास प्रारंभ होई. किल्ला कोणी बांधला, त्याला खोल्या किती, तेथील द्राक्षासव कसे. नाशिककरास द्राक्षांचे वावडे नाही. पण तेवढ्यात पुढचे तिघे आणि मागचा घोळका यांतील अंतर दोन मिनिटांचे अर्ध्या मिनिटावर आलेले असे. आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असे, म्हणून तो कोणी उच्चारीत नसे. दादा विचारीत, ‘अरे, अंतर किती राहिले?’ मग मी सांगे. पुढे ते दोघे आदल्या रात्रीच्या जेवणावर थट्टामस्करी करीत. दादा म्हणाले, ‘यांना वाटते, सगळ्यांना दिसतेच आहे.’ माझ्या मते सगळ्या उणिवेचे मूळ या एका वाक्यात आले. चित्र दिसते आहे, एवढ्यावर विसंबून वर्णनकार आपले पहिले कर्तव्य विसरतो.

जुन्या काळी असे नव्हते, कारण तेव्हा चित्रच नव्हते. १९३० च्या आसपास या शर्यतीची वार्ता रेडिओवरून प्रसृत होऊ लागली. वार्ताहर मोटारसायकलच्या मागे बसून स्वारांबरोबर डोंगर चढत. अलेक्स व्हिरो नावाचे एक नाणावलेले फ्रेंच वार्ताहर असेच काम करीत असता १४ जुलै १९५७ रोजी मोटारसायकल दरीत कोसळून चालकासह मरण पावले. न पाहणाऱ्यास दाखविण्यासाठी त्यांनी प्राणाचे मोल दिले, असेच म्हटले पाहिजे. आणखी एक गोष्ट मला मास्तर म्हणून फार आवडते. मोटारसायकलवर बसून एक मनुष्य पाटीवर खडूने अंतराचे आकडे लिही व ती पाटी स्वारांना दाखवी. तेथे अलंकार नाही, पाल्हाळ नाही. पुढे कोण, मागे कोण आणि अंतर किती, एवढेच. वर्णनकाराने बाकी सारे त्यानंतर बोलावे.

उत्तम वर्णनाचा एक नमुना सांगतो. १९८७ साली आल्प्स पर्वतातील ला प्लान येथे एक टप्पा संपत होता. स्पेनचा पेड्रो डेलगाडो पुढे होता आणि आयर्लंडचा स्टीफन रोश कितीतरी मागे पडला होता. सर्व कॅमेरे डेलगाडोवर. रोश कोठे आहे ते कोणासच दिसत नव्हते. डेलगाडो रेषेशी पोचतो न पोचतो तोच मागून एक आकृती आली. फिल लिगेट हे इंग्रजी वर्णनकार क्षणभर चाचरले, मग त्यांनी ओळखले, आणि ते नाव त्यांच्या तोंडून जवळजवळ किंकाळीसारखे बाहेर पडले. रोश फक्त चार सेकंद मागे होता! रेषा ओलांडताच तो कोसळला. त्याला प्राणवायू द्यावा लागला. पुढे ती शर्यत त्यानेच चाळीस सेकंदांनी जिंकली. त्या वर्णनाची गोडी कशात आहे? माझ्या मते, बोलणाराला ठाऊक नव्हते आणि त्याने ठाऊक असल्याचा आव आणला नाही, यात आहे.

ही कला आपल्याला परकी आहे असेही नाही. बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे मराठी वर्णन ज्यांनी आकाशवाणीवर ऐकले, त्यांना मैदान न पाहता दिसत असे. कुस्तीच्या फडातील निवेदक मल्लाचे गाव, तालीम आणि वस्ताद यांची ओळख करून दिल्यावाचून कुस्ती लावू देत नाही. मग त्या मल्लाचा पट निघाला की आपल्या गावचाच कोणी पडला असे वाटते. उलट अनुभवही सांगतो. २०१५ साली आमच्या नाशिकचे डॉक्टर हितेंद्र व डॉक्टर महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पार केली. सुमारे चार हजार आठशे किलोमीटरची ती शर्यत! आम्ही येथे नकाशावर एक ठिपका सरकताना पाहत होतो. ठिपका कोठे आहे ते कळे. पण त्या माणसाला झोप अनावर झाली आहे काय, ऊन किती आहे, भाऊ भावाला काय म्हणाला, हे ठिपका कोठून सांगणार? दादा म्हणाले, ‘तुमच्या या ठिपक्याला तोंड नाही.’

आता माझ्या स्वतःच्या अपराधाकडे वळतो. परदेशी वर्णनाने दादांचे समाधान होईना, तेव्हा मी आवाज बारीक करून स्वतःच मराठीत वर्णन करू लागलो. चाळीस मुलांपुढे तीस वर्षे बोललेला माणूस मी. मला ते सोपे वाटले. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात घसा सुकला आणि शब्द संपले. ‘जात आहेत, जात आहेत’ यापलीकडे मला काही सुचेना. हळूहळू शिकलो. आधी पाटी, मग कारण, मग माणूस, हा क्रम माझा मीच बसविला.

दादांचा जीव मार्क कॅव्हेंडिश या ब्रिटिश स्वारावर जडला होता. शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरांत उसळी घेऊन टप्पा जिंकणारा हा गडी. बेल्जियमच्या एडी मर्क्सचा चौतीस टप्पे जिंकण्याचा जुना विक्रम त्याने २०२१ साली गाठला होता. ओलांडावयास एकच हवा होता. २०२३ साली तो अडतीस वर्षांचा होता आणि ही आपली अखेरची शर्यत असे त्याने सांगितले होते. ७ जुलै रोजी बोर्दो येथे तो दुसरा आला. दुसऱ्या दिवशी, टप्प्याचे साठेक किलोमीटर उरले असता, तो पडला. खांद्याचे हाड मोडले. रस्त्याच्या कडेला तो हात धरून बसलेला मी पाहिला.

आणि श्रोतेहो, मी ते सांगितले नाही. दादांच्या चेहऱ्याकडे पाहून माझी जीभ वळेना. ‘कॅव्हेंडिश घोळक्यात आहे, जरा मागे आहे,’ असे म्हणालो. पुढे दीड तास ते विचारीत होते, ‘पुढे आला का रे?’ आणि मी म्हणत होतो, ‘नाही अजून.’ रात्री नातवाने बोलता बोलता खरे ते सांगून टाकले.

दादा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. सकाळी मला म्हणाले, ‘अरे, जो रस्त्यावर नव्हता त्याची तू मला दीड तास वाट पाहावयास लावलीस. मला दिसत नाही, म्हणून मी तुझे डोळे उसने घेतले. ते तरी खोटे देऊ नकोस.’

त्या दिवसापासून वर्णनातील सत्याचा प्रश्न मला फार मोठा वाटू लागला. एका अमेरिकन स्वाराने १९९९ ते २००५ पर्यंत ही शर्यत सात वेळा जिंकली. उत्तेजक औषधे घेतल्याचे सिद्ध होऊन २०१२ साली ती सातही पदे काढून घेण्यात आली. त्या सात वर्षांत कित्येक वर्णनकारांनी त्याचे पोवाडे गाइले. त्यांतील काहींच्या मनात शंका आली नसेल काय? पण प्रेक्षकांचा आनंद मोडू नये, असे त्यांना वाटले असावे. जसे मला वाटले. माझी लबाडी एका खोलीतली होती, एवढाच भेद.

गोष्ट येथे संपली नाही. कॅव्हेंडिशने निवृत्ती पुढे ढकलली. २०२४ च्या पहिल्याच टप्प्यात, इटलीच्या उन्हात, तो सर्वांच्या मागे पडला, त्याला वांती झाली. हे सर्व मी दादांना जसेच्या तसे सांगितले. त्याचे सोबती त्याच्याभोवती राहून त्याला मुदतीच्या आत रेषेपर्यंत घेऊन आले, तेही सांगितले. दादा एवढेच म्हणाले, ‘आज पाणक्यांनी जिंकले.’ ३ जुलै रोजी सेंट वुल्बास गावी घोळका एकवटून रेषेकडे सुटला. आधी पाटी दिली: एक किलोमीटर, पाचशे मीटर. मग सांगितले, तो एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर सरकतो आहे, आता त्याच्यापुढे मोकळा रस्ता आहे. मग माझ्याने बोलवेना. मी फक्त त्याचे नाव घेतले, दोनदा. एकोणचाळीसाव्या वर्षी त्याने पस्तिसावा टप्पा जिंकला होता. दादा काही वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी विचारले, ‘खरे ना?’ मी म्हणालो, ‘खरे.’ गेल्या वर्षीची चूक माझ्याकडून घडली नसती, तर हा प्रश्न त्यांनी विचारला नसता, हे मी जाणून आहे.

तात्पर्य काय? २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर जगभरच्या स्वारांची अनेक दिवसांची शर्यत झाली. यापुढे अशा शर्यती आपल्या घाटांतून होत राहतील आणि त्यांचे वर्णन करणारे मराठी तरुणही पुढे येतील. त्यांना या म्हाताऱ्या मास्तराचे सांगणे एवढेच की, आपल्यापुढे एक न पाहणारा मनुष्य बसला आहे असे समजून बोला. अंतर आधी सांगा. शेवटच्या स्वाराचे आणि पाणक्याचेही नाव घ्या. जेथे ठाऊक नाही तेथे आव आणू नका, आणि जेथे कोणी पडला तेथे पडला असेच म्हणा. ऐकणारे दुःख सोसतात. फसविले गेल्याचे मात्र त्यांना विसरता येत नाही.